पाऊस सरताना : बागेबद्दल वाचकांचे प्रश्न

गौरी-गणपती झाले की पत्रांचा सूर बदलतो. जूनमधलं "काय लावू?" मागे पडतं आणि "लावलेलं का सुकतंय?" सुरू होतं. या खेपेची बरीचशी दुखणी काळ्या मातीची आणि बोअरच्या पाण्याची आहेत, त्यामुळे त्या उत्तरांनी जागा जास्त खाल्ली आहे. मोगरा आणि बोगनवेलवाल्यांनी राग मानू नये. त्यांची उत्तरं मुळातच दोन ओळींची आहेत.

प्रश्न : घरासमोर दोन फूट लांब, रुंद, खोल असे खड्डे घेतले. काळी माती काढून टाकली, लाल माती, वाळू आणि शेणखत भरलं. चाफा, जास्वंद, एक्झोरा लावले. जुलैपर्यंत छान होते. ऑगस्टच्या झडीनंतर माती ओली असूनही झाडांनी माना टाकल्यात. पाणी कमी पडतंय असं नर्सरीवाले म्हणतात. खरं काय? (परभणी)

उत्तर : पाणी कमी नाही, जास्त झालंय. काळ्या जमिनीत भुसभुशीत माती भरलेला खड्डा म्हणजे हौदच. भोवतीची काळी माती भिजली की फुगते, मग तिच्यातून पाणी फारसं झिरपत नाही. अंगणातलं पाणी मात्र तुमच्या सैल मातीत सहज उतरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. मुळांना हवा मिळेनाशी झाली की ती पाणी ओढणं थांबवतात. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानलेलं दिसतं आणि आपण त्याला आणखी पाणी घालतो.

खात्री करून घ्या. खोडापासून फूटभर लांब पहारीने दीड फूट खोल भोक पाडा आणि अर्ध्या तासाने बघा. तळाशी पाणी आलं असेल किंवा मातीला नासक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर दुखणं हेच.

आता खड्ड्याच्या उताराकडच्या कडेपासून कुदळीच्या पात्याएवढा रुंद आणि खड्ड्याच्या तळाइतका खोल चर काढा, तो पाणी निघून जाईल अशा जागेपर्यंत न्या आणि त्यात विटांचे तुकडे भरा. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात कालवून दर झाडाच्या बुंध्याशी २ लिटर द्रावण ओता. जास्वंदीचे शेंडे एक तृतीयांश छाटा, कारण उरलेल्या मुळांना एवढा पानोळा पोसवत नाही. नवी पालवी दिसेपर्यंत कुठलंही खत देऊ नका. चाफ्याचं खोड बोटाने दाबून बघा. मऊ लागलं तर ते गेलं. वरची टणक फांदी कापून घ्या, चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवा आणि मग कुंडीत लावा.

पुढच्या वर्षी खोल जाऊ नका, वर या. जमिनीवरच ९ इंच उंच आणि ३ फूट रुंद उंचवटा करा. दोन घमेली काळी माती, एक घमेलं मुरूम आणि दीड घमेलं कुजलेलं शेणखत हे मिश्रण चालेल. सोयाबीनचा भुसा गावोगाव मिळतो, तोही घाला, पण खड्ड्यात शेणासोबत चार-पाच महिने कुजवून. कच्चा भुसा कुजताना मातीतलं नत्र खातो आणि झाड पिवळं पडतं. वाळूचा मोह टाळा. काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळली तर निचरा सुधारत नाही. सुकल्यावर वीट मात्र तयार होते.

प्रश्न : एक्झोरा आणि गुलाबाची वरची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. लोह कमी आहे असं वाचलं म्हणून कुंडीत गंजलेले खिळे पुरले, दर आठवड्याला चमचाभर व्हिनेगरही घालते. वर्ष झालं, फरक नाही. पाणी बोअरचं आहे. (बीड)

उत्तर : ताई, तुमचं निदान बरोबर आहे, औषध चुकलंय. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहाचीच कमतरता. (खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असती तर नत्र कमी समजलो असतो.) पण तुमच्या मातीत लोह नाही असं नाही. चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. खिळ्यांचा गंजही त्याच अडकलेल्या रूपातला, त्यामुळे शंभर खिळे पुरले तरी तेच.

मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे. आता हिशेब बघा. कुंडीत १५ किलो माती आहे आणि तिच्यात ५ टक्के चुना आहे असं धरलं, तर चुना झाला ७५० ग्रॅम. तो सगळा मारायला सायट्रिक अ‍ॅसिडच जवळजवळ १ किलो लागेल. व्हिनेगरचा चमचा तिथे कुठे पुरणार? शिवाय बोअरच्या पाण्यातून रोज नवा चुना येतोच. कुंडीच्या काठावर बसलेला पांढरा थर तोच.

तात्पुरता उपाय पानांवरचा. एक लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड (किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व) विरघळवा, मग ५ ग्रॅम फेरस सल्फेट. द्रावण फिकट हिरवं हवं. तांबूस झालं तर फेकून द्या, कारण लोह वाया गेलं. ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. फरशीवर पडू देऊ नका, डाग जात नाहीत.

टिकाऊ उपाय म्हणजे चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह. पण दुकानात पुडी घेताना लेबल वाचा. 'ईडीटीए' असेल तर ते फवारणीपुरतं ठीक, चुनखडीच्या मातीत टिकत नाही. मातीत द्यायचं तर 'ईडीडीएचए' हवं. १२ इंची कुंडीला ३ ग्रॅम, लिटरभर पाण्यातून, दोन महिन्यांनी एकदा. महाग आहे, म्हणून एक्झोरा आणि गुलाबापुरतंच वापरा; कण्हेर, टिकोमाला त्याची गरज नसते.

पाण्याचंही बघा. एसीतून ठिबकणारं पाणी क्षारमुक्त असतं, ते एक्झोऱ्याला द्या. कूलरच्या टाकीतलं उरलेलं आणि आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी मात्र कुंडीत नको, दोन्हींत क्षार साचलेले असतात. पाऊस पूर्ण जाण्याआधी गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप लावा आणि दर कुंडीला एकदा तिच्या निम्म्या मापाइतकं पावसाचं पाणी सावकाश ओतून खालून वाहू द्या. वर्षभराचे क्षार धुऊन जातात.

प्रश्न : शेवंतीच्या बारा कुंड्या आहेत. गेल्या वर्षी मागच्या अंगणातल्या सहा भरभरून फुलल्या. गेटजवळच्या सहा डिसेंबर संपला तरी नुसत्या वाढत राहिल्या. माती, खत, पाणी सारखंच, ऊन उलट गेटजवळ जास्त. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : गेटवर रात्रभर दिवा जळतो का, ते पत्रात लिहिलेलं नाही, पण जळत असणार. नाहीतर रस्त्यावरच्या खांबाचा उजेड येत असेल.

शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात अकरा. सप्टेंबरपासून रात्र लांबू लागली की शेवंती पानांचं काम थांबवून कळ्या धरते. पण ती रात्र सलग काळोखाची लागते. मधेच उजेड पडला की झाडाच्या लेखी ती दोन छोट्या रात्री होतात आणि ते उन्हाळाच समजून वाढत राहतं. बाजारासाठी शेवंती पिकवणारे याचाच फायदा घेतात. फुलं उशिरा हवी असली की मध्यरात्री काही तास दिवे लावतात. तुमच्याकडे तेच फुकटात घडलं.

आत्ताच, म्हणजे सप्टेंबरात, त्या सहा कुंड्या मागे हलवा. हलवणं शक्य नसेल तर दिवा हालचाल ओळखून लागणारा बसवा. तेही नको असेल तर संध्याकाळी सहाला काळं जाड कापड घालून सकाळी सातला काढायचं, कळ्यांना रंग दिसेपर्यंत रोज. एक दिवस काढायला विसरलात तर झाडं आत उकडतील. एवढ्या कटकटीपेक्षा कुंडी उचलणं सोपं.

शेंडे खुडणं आता बंद. शेवटची खुडणी सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच. त्यानंतर खुडलं की कळीच खुडली जाते. कळ्या दिसेपर्यंत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला २ ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा. कळ्या धरल्यावर ते थांबवून १३:०:४५ (पालाश जास्त असलेलं) तेवढ्याच प्रमाणात. आधाराला तुराट्या उत्तम, फक्त दरवर्षी नव्या घ्या, जुन्यांना वाळवी लागते. थंडी पडली की कळ्यांच्या देठावर काळा मावा बसतो. आधी पाण्याचा जोराचा फवारा मारा, तरी राहिला तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण.

प्रश्न : नव्या घरासमोर ६०० चौरस फूट जागा आहे. पूर्ण लॉन करायचं ठरलंय. कोरियन कार्पेट घ्यावं की साधी हरळी? (लातूर)

उत्तर : आधी पाणी मोजा, मग गवत निवडा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. तुमची जागा ५६ चौरस मीटर. एप्रिल-मेमध्ये लॉन हिरवं ठेवायला दिवसाला ६ मिलिमीटर धरलं तरी ३३६ लिटर रोज, महिन्याला १० हजार लिटर. म्हणजे ५ हजारांचे दोन टँकर, नुसत्या गवतासाठी. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा हिशेब आधी व्हायला हवा.

आमचं मत स्पष्ट सांगतो. लॉन १५० चौरस फुटांचं करा, बसायच्या जागेसमोर, आणि ते हरळीचं. कोरियन कार्पेट मऊ आणि देखणं आहे, पण सावकाश पसरतं, महाग पडतं आणि पाणी तुटलं की टक्कल पडतं. हरळी मेमध्ये पिवळी पडेल आणि पहिल्या पावसात परत येईल. जमिनीला १० फुटांना सव्वा इंच उतार द्या, घरापासून बाहेर. हरळीचे ३-४ इंची तुकडे ४ इंचांवर टोचा. सप्टेंबर संपायच्या आत जमलं तर ठीक, नाहीतर जूनपर्यंत थांबा, थंडीत हरळी हलत नाही. लव्हाळा असेल तर लावण्यापूर्वी खणून गाठी वेचा. नुसती पात उपटली तर खालची गाठ पुन्हा फुटते आणि नंतर हरळीतून तो वेगळा काढता येत नाही.

उरलेल्या जागेत दगड-मुरूम आणि कमी पाण्याची झाडं. इथे एक चूक हटकून होते : खडी थेट काळ्या मातीवर पसरतात आणि दोन पावसाळ्यांत जमीन ती गिळते. आधी ४ इंच मुरूम पाणी मारून धुम्मसने ठोका, त्यावर तण रोखणारं कापड, मग २ इंच खडी. संगमरवरी पांढरे गोटे झाडांच्या बुंध्याशी नकोत. तो चुनाच आहे, बीडच्या ताईंचं उत्तर वाचा. घायपात, अडेनियम, जांभळं सेटक्रेसिया, रिओ हे गट करून लावा, तीन-पाच-सात असे. एकेक झाड सुटं लावलं की नर्सरीत आल्यासारखं वाटतं. अडेनियम मात्र उंचवट्यावरच, नाहीतर पहिल्या झडीत सडेल.

प्रश्न : गुलाबाची छाटणी दसऱ्याला करायची की थंडी पडल्यावर? मुळं उघडी करून ऊन द्यायचं असंही सांगतात. (जालना)

उत्तर : तिथी बघू नका, आभाळ बघा. पाऊस थांबून आठ-दहा दिवस कोरडे गेले की छाटा. आपल्याकडे ते बहुधा ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जमतं. ओल्या हवेत छाटलं की कापलेल्या तोंडातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत येते. छाटल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवसांनी फुलं, म्हणजे नोव्हेंबर सरता सरता किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला.

चार-पाच सशक्त फांद्या ठेवून बाकीच्या बुडातून काढा. ठेवलेल्या फांद्या दीड फुटावर, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या (फूट येते त्या जागेच्या) अर्धा सेंटिमीटर वर, तिरप्या कापा. कापल्यावर मधला गाभा बघा. तपकिरी असेल तर पांढरा लागेपर्यंत खाली कापत जा. तोंडाला कॉपर ऑक्सिक्लोराइडचा लेप लावा. डोळा भरलेल्या (कलम केलेल्या) जागेच्या खालून आलेला फुटवा ओढून मुळापासून काढा. तो रानटी खुंटाचा असतो आणि वरचा गुलाब मारून स्वतः मोठा होतो.

मुळं उघडी करण्याची रीत जुनी आहे, पण ऑक्टोबरच्या आपल्या उन्हात त्याने भलं होत नाही. काळी माती तडकते आणि बारीक मुळं तुटतात. वरची दोन इंच माती खुरप्याने हलवा, कुंडीला दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या, बस.

प्रश्न : पिटुनियाचं बी सप्टेंबरात टाकलं. उगवलं, पण रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली. (नांदेड)

उत्तर : घाई झाली आणि पाणी वरून घातलंत. दमट उकाड्यात ही मर ठरलेलीच. कोजागरीच्या आसपास पुन्हा टाका. पिटुनियाचं बी एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० भरतं, त्यामुळे चिमूटभर बी चमचाभर बारीक कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरा, वर माती घालू नका. कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं, त्यात किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी). ट्रे पाण्याच्या थाळीत ठेवून खालून भिजू द्या आणि लगेच बाहेर काढा. चार पानांवर आलेली रोपं वेगळी करा, सहा-सात पानांवर कुंडीत लावा. जानेवारी ते मार्च फुलं मिळतील. डायंथस, कॅलेंडुला, फ्लॉक्स यांना हेच वेळापत्रक. पॅन्सीवर पैसे घालवू नका. आपली थंडी तिला तोकडी पडते.

प्रश्न : कंपाउंडच्या आत तीन फुटांचा पट्टा आहे. तिथे हिरवी भिंत हवी. कोनोकार्पस लवकर वाढतो म्हणतात. भिंतीला आधीच तडे आहेत, गेट उघडं राहिलं की शेळ्याही येतात. (हिंगोली)

उत्तर : तड्यांचं कारण पायाखालची माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंत तिच्याबरोबर वर-खाली होते. भिंतीला चिकटून मोठं झाड लावलं की ते एका बाजूची ओल ओढून घेतं आणि तो झोका वाढतो. मोठं झाड भिंतीपासून त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकं लांब असावं. तेव्हा तीन फुटांत कोनोकार्पस नकोच. त्याची मुळं पाण्याच्या आणि गटाराच्या पाइपात शिरतात. गुजरात सरकारने तर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली.

कोयनेल लावा. कमी पाण्यात तगते, कात्री सोसते आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. पेन्सिलएवढ्या जाड, ८-९ इंची काड्या अजून ओल आहे तोवर लावा : भिंतीपासून दीड फुटावर, दोन ओळी नागमोडी, प्रत्येकी फूटभर अंतर. ३० फुटांना साधारण ६० काड्या, मरतुकीला १५ जास्त. रोपं फूटभर झाली की निम्म्यावर कापा. इथेच सगळ्यांचा हात थरथरतो, पण हे केलं नाही तर कुंपण वरून दाट आणि खालून पोकळ होतं, आणि शेळी खालूनच येते. पुढे कापताना बूड रुंद आणि माथा निमुळता ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. फेब्रुवारीपासून पट्ट्यात तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन आणि दहा-बारा दिवसांतून पाणी, म्हणजे भेगा रुंदावणार नाहीत. पावसाचं पाणी भिंतीकडे नाही, अंगणाकडे वाहील असा उतार काढा.

कण्हेरही शेळ्या खात नाहीत आणि फुलं बोनस, पण तिचं अंगप्रत्यंग विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर लावू नका, आणि छाटलेल्या फांद्या जाळू नका, धूरही बाधतो.

प्रश्न : बोगनवेल कुंडीत हिरवीगार, फूल एक नाही. (धाराशिव)

उत्तर : लाड कमी करा. सहा तास ऊन, शेणखत बंद, आणि पाऊस गेल्यावर पानं किंचित लुळी पडल्याशिवाय पाणी नाही. ऑक्टोबरात लांब शेंडे एक तृतीयांश कापा. रंग नव्या फुटीवर येतो, सहा ते आठ आठवड्यांत. कुंडीच्या भोकातून मूळ जमिनीत उतरलंय का तेही बघा. उतरलं असेल तर तुमचा पाण्याचा ताण तिला लागतच नाही.

प्रश्न : मोगरा आत्ता छाटू का? (अंबाजोगाई)

उत्तर : नाही. डिसेंबरात दोन-तीन आठवडे पाणी तोडा, पानं गळू लागली की जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जमिनीपासून दीड फुटावर छाटा, उरलेली पानं ओरबाडून काढा, शेणखत द्या आणि मग पाणी सुरू करा. आत्ता छाटलात तर पालाच मिळेल.